जंगलाची वार्षिक तपासणी

नांदेड जिल्ह्यात एखाद्या गुरुजीला धाक घालायचा असेल तर फार बोलावं लागत नाही. "किनवट बघितलंय का?" एवढं विचारलं तरी पुरतं. माणूस लगेच रजेचा अर्ज मागे घेतो, मतदार यादीचं काम हसत हसत स्वीकारतो आणि साहेबांच्या पुतणीच्या लग्नात पंगतीला बुंदी वाढायलाही उभा राहतो. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, बोधडी असं करत एसटी किनवटला पोचेपर्यंत मणक्याला सगळे थांबे तोंडपाठ होतात. पुढे गेलात तर आदिलाबाद, म्हणजे दुसरं राज्य. पैनगंगा ओलांडलीत तर यवतमाळ, म्हणजे विदर्भ. जिल्ह्याच्या नकाशात किनवट अशा कोपऱ्यात आहे की नकाशा भिंतीवर लावताना खिळा नेमका तिथेच बसतो.

खरं सांगायचं तर हा तालुकाच बदलीवर आलेला आहे. निजामाच्या राज्यात तो आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे दोन तालुके तिकडून काढून नांदेडला जोडले. राजुऱ्याने तीनच वर्षांत, १९५९ साली, चांदा जिल्ह्यात बदली करून घेतली. वशिला कुणाचा होता ते दप्तरी नोंद नाही. किनवटला ते जमलं नाही. पुढे माहूरही वेगळा तालुका होऊन निघालं, तेही रेणुकामाता, दत्तशिखर आणि किल्ला असा सगळा ऐवज घेऊन. किनवटच्या वाट्याला उरले साग, मोह, अस्वलं आणि आम्ही शिक्षक.

२०१७ सालच्या बदली धोरणाने आमच्या दुःखाला शासकीय नाव दिलं: अवघड क्षेत्र. या क्षेत्रात तीन वर्षं काढली की माणूस 'बदली अधिकारप्राप्त' होतो. हा शब्द आमच्याकडे एखाद्या पदवीसारखा उच्चारतात. नवीन शिक्षक रुजू होतो त्या दिवशी आधी मुलांची हजेरी घेत नाही. स्वतःची तीन वर्षं कधी भरतात ते कॅलेंडरवर मोजतो.

अशा ठिकाणी आमचे साहेब शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून आले, आणि ते विनंती अर्ज करून आले. त्या अर्जाची कथा अजून सांगतात. टेबलावरच्या बाबूने तो एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, आणि बिचाऱ्याची लिहिण्यात गफलत झाली असणार असं समजून 'किनवटला'चं 'किनवटहून' करून टाकलं. साहेबांनी मुद्दाम जाऊन ती दुरुस्ती खोडून आणली. त्यानंतर तालुक्यात तर्क सुरू झाले. स्वतःहून किनवटला येतो म्हणजे काहीतरी भानगड असणारच. कुणी म्हणालं सागवानाचा धंदा, कुणी म्हणालं रेणुकेचा नवस. हिशेबी मंडळींचं मत पडलं, 'एकस्तर'साठी आला असेल. आदिवासी भागात काम केलं की वरच्या पदाची वेतनश्रेणी मिळते, तिला आम्ही नुसतं एकस्तर म्हणतो. पण साहेबांच्या शबनम पिशवीत शेरेबुकाखाली एक जुनी दुर्बीण निघाली आणि खुलासा झाला. साहेबांना जंगल आवडत होतं. हे कळल्यावर लोकांना जास्तच वाईट वाटलं. भानगड असती तर समजून तरी घेता आली असती.

माझं म्हणाल तर मी लातूर जिल्ह्यातला. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्या मुलखातला. झाड म्हणजे चिंच, बाभूळ आणि लिंब, आणि तेही मोजून, अशी माझी समजूत होती. बायको इथल्याच शाळेत शिक्षिका, म्हणून पती-पत्नी एकत्रीकरणात, म्हणजे बदलीच्या भाषेत संवर्ग दोनमधून, मी किनवटला आलो. साहेब जंगलामुळे राहिले, मी संवर्ग दोनमुळे राहिलो. नियतीने आम्हा दोघांना गोकुंद्यात एकाच गल्लीत घरं दिली. आधी मी त्यांच्या हाताखाली केंद्रप्रमुख होतो. आता दोघेही निवृत्त, तरी मी हाताखालीच आहे.

नोकरीत असताना साहेब शाळेत पुढच्या दाराने आलेले फारसं कुणी पाहिलेलं नाही. तपासणीला अधिकारी निघाले की फोनाफोनी होते, पाटी-पेन्सिली जागेवर येतात, खिचडीत वाटाणा दिसू लागतो, हा सार्वत्रिक नियम आहे. साहेबांनी तो मोडीत काढला. मोटारसायकल डांबरी सडकेवर एखाद्या चहाच्या टपरीला लावायची, आणि तिथून पायी नाल्यानाल्याने, सागातून, पाखरं बघत बघत शाळेच्या मागच्या बाजूला निघायचं. फोन येई "साहेब निघाले", आणि मग चार तास साहेबांचा पत्ता नाही. गुरुजी वाट बघून बघून कंटाळत, परत नेहमीसारखे वागू लागत, आणि नेमके त्याच वेळी साहेब खिडकीत. एका गुड्यावरच्या, म्हणजे आदिवासी पाड्यावरच्या, गुरुजींनी उपाय म्हणून चौथीतलं एक पोरगं मोहाच्या झाडावर टेहळणीला बसवलं. तासाभराने गुरुजींनी बाहेर येऊन पाहिलं तर पोरगं फांदीवर, साहेब बुंध्याशी, आणि दोघे मिळून सुतारपक्ष्याची ढोली बघण्यात गर्क. त्या दिवशी त्या शाळेच्या शेरेबुकात असा शेरा पडला: 'विद्यार्थ्यास परिसराचे उत्तम ज्ञान. गुरुजींना ढोली माहीत नव्हती. गुरुजींनी विद्यार्थ्याकडून समजून घ्यावे व तसा अहवाल सादर करावा.'

गुरुजींनी अहवाल सादर केला. त्याला आकृती जोडावी लागली.

मोहाच्या दिवसांत तर साहेब आणि नियम यांची खरी झुंज लागायची. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं गळतात, आणि ती ऊन चढायच्या आत वेचावी लागतात. अख्खं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. त्यात लेकरं आलीच. शाळा तेव्हा सकाळची. म्हणजे हजेरीपत्रक आणि मोह दोघांची वेळ एकच, आणि मोह हा शासन निर्णय वाचत नाही. इतर अधिकारी अशा वेळी 'उपस्थिती वाढवावी' असं लिहून जीपमध्ये बसायचे. साहेबांनी गुरुजींनाच मोहाखाली पाठवलं. ओली फुलं किती, वाळल्यावर किती, घट शेकडा किती, व्यापाऱ्याच्या काट्यावर किती आणि शाळेच्या काट्यावर किती. शेवटच्या गणिताचं उत्तर ऐकून एका व्यापाऱ्याने साहेबांच्या बदलीसाठी प्रयत्न केले. ते सफल झाले नाहीत. किनवटहून आणखी वाईट ठिकाणी बदली करायची तर जिल्ह्यात ठिकाण शिल्लक नव्हतं.

साहेबांचं दैवत म्हणजे एक ऑस्ट्रियन माणूस. क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे नाव ते एका दमात घेतात; मी दोन वेळा थांबतो. हा व्हिएन्नाचा मानववंशशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध सुरू झालं तेव्हा हा नेमका हिंदुस्थानात, आणि खिशात जर्मन राइशचा पासपोर्ट. इंग्रजांनी त्याला निजामाच्या संस्थानाबाहेर पडायला बंदी केली. पठ्ठ्याने आदिलाबादचं जंगल गाठलं आणि राजगोंडांमध्ये मुक्काम ठोकला. १९४० साली जोडेघाटला गोंडांचा पुढारी कोमरम भीम मारला गेला होता, आणि गोंडांचं दुखणं नेमकं काय आहे हे समजून घेण्याची गरज निजाम सरकारला उशिरा का होईना पण वाटली होती. त्यातून १९४३ साली उटनूरकडच्या मारलवाई गावात गोंड तरुणांना शिक्षक करणारं केंद्र निघालं. गोंडी वाचनपुस्तकं तयार झाली ती देवनागरीत, कारण तिकडच्या गोंडांना मराठीची सवय होती. लक्षात घ्या, किनवट तेव्हा त्याच आदिलाबाद जिल्ह्यात.

"म्हणजे बघा गुरुजी," साहेब सांगतात, "आपल्या जिल्ह्यातला पहिला खरा विस्तार अधिकारी ऑस्ट्रियाचा होता. आणि त्यालाही ही शिक्षेचीच पोस्टिंग होती!"

हायमेनडॉर्फची बायको बेटी १९८७ साली गेली; तिची समाधी मारलवाईतच आहे. साहेबांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, हे ऐकलं तेव्हा त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी सांगून ठेवते, माझं काय करायचं ते नांदेडला करा." पण हायमेनडॉर्फच्या बाबतीत साहेब थट्टा चालवून घेत नाहीत. शाळेत ते त्याच्याच वाटेने जायचे. पहिलीत गोंडी, कोलामी नाहीतर गोरमाटी बोलणारी पोरं, आणि समोर नांदेडची नाहीतर लातूरची मराठी बोलणारा माझ्यासारखा गुरुजी. दोघेही एकमेकांकडे बघत बसायचे. साहेब अशा वर्गात गेले की मराठीचा धडा विचारायचेच नाहीत. खिडकीतून एक पाखरू दाखवायचे आणि तुमच्यात याला काय म्हणतात, असं विचारायचे. गप्प बसलेला वर्ग एकदम कलकल करायला लागायचा. मग त्याच नावावरून ते हळूच मराठीत यायचे. हे मी चोरून शिकलो आणि मला त्याचा फार उपयोग झाला. पुढे एका प्रशिक्षणात हीच गोष्ट तीन दिवस, प्रोजेक्टर लावून आणि दुपारच्या जेवणासह, शिकवली गेली.

साहेबांच्या प्रवासभत्त्याची बिलं हा वेगळा ग्रंथ होईल. मुख्यालयापासून ८ किलोमीटरच्या आत दैनिक भत्ता नाही, हे ठीक. पण साहेब बावीस किलोमीटर जायचे आणि 'प्रवासाचे साधन' या रकान्यात लिहायचे 'पायी'. एका लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला: अधिकारी रस्ता उपलब्ध असताना नाल्यातून का गेले, याचा खुलासा व्हावा. साहेबांनी दोन पानी खुलासा दिला. त्यात नाल्याकाठचे अर्जुन वृक्ष, त्यांचा अंदाजे घेर, दगडाखाली दिसलेला खेकडा आणि रस्त्याने गेल्यास यांपैकी काहीही दिसत नाही, हे मुद्देसूद मांडलं होतं. आक्षेप वगळण्यात आला. लेखापरीक्षकाने पुढच्या वर्षी येताना मुलांना बरोबर आणलं आणि साहेबांनी त्यांना नाला दाखवला. रकमेचं मात्र काही झालं नाही. ती अजून थकीत आहे.

आणि २०११ ची पटपडताळणी! ही मोहीम आपल्या नांदेड जिल्ह्याने महाराष्ट्राला दिलेली देणगी आहे. इथे पोरं प्रत्यक्ष मोजल्यावर कागदावरची कितीतरी लेकरं हवेत विरली, आणि मग ३ ते ५ ऑक्टोबरला अख्ख्या राज्यात तीच मोजणी झाली. एकच पोरगं दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई. त्या तीन दिवसांत मोठमोठ्या संस्थाचालकांना घाम फुटला होता. साहेबांना मात्र एकच प्रश्न पडला होता. तळ्यावरची बदकं मोजताना नेहमी गोंधळ होतो, एकच बदक इकडून उडतं आणि तिकडे जाऊन पुन्हा मोजलं जातं. तर ही शाई पाण्याने जाते का? मी म्हणालो, साहेब, शाईचं सोडा, बदकाचं बोट कोण धरणार? त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. 'अडचणी' या सदराखाली.

तर असे साहेब ३१ मे रोजी निवृत्त झाले. ही तारीख विशेष नाही. आमच्या पिढीतली निम्मी मास्तरमंडळी १ जूनला जन्मली आहेत. शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी पोराच्या उंचीकडे बघून साल टाकलं आणि तारखेचा प्रश्न शाळा उघडायच्या दिवसाने सोडवला. परिणामी दरवर्षी ३१ मेला तालुक्यातली सगळी मंगल कार्यालयं निरोप समारंभांनी भरून जातात आणि नारळाचा भाव वाढतो. साहेबांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरची चार घड्याळं मिळाली. ज्याला आता वेळेचं काही काम नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून उमगलेलं नाही. प्रत्येक वक्ता म्हणाला, "साहेबांनी आता उर्वरित आयुष्य निसर्गाच्या सान्निध्यात घालवावं." साहेब आपल्याला अजून कुठलं सान्निध्य बाकी राहिलं असेल, या विचारात गंभीर दिसत होते.

सगळ्यांना वाटलं होतं, आता हे नांदेडला कौठ्यात नाहीतर तरोड्यात बंगला बांधतील. नातेवाइकांनी प्लॉटही बघून ठेवले होते. साहेब गोकुंद्यातच राहिले. रेल्वे स्टेशन जवळ आहे, नंदीग्राम एक्सप्रेस थेट मुंबईला जाते, अशी कारणं त्यांनी सांगितली. मुंबईला ते गेले नाहीत. जे नातेवाईक "कुठं त्या जंगलात राहता" म्हणून हळहळायचे, ते आता दर श्रावणात सहकुटुंब येतात. सहस्रकुंडला पैनगंगा काळ्या कातळावरून कोसळते ते बघायचं, उनकेश्वरला गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवायचे, माहूरला दर्शन घ्यायचं आणि परत जाताना पुन्हा हळहळायचं. साहेब त्यांना हौसेने घेऊन जातात. फक्त धबधब्याकडे पाठ करून खडकावरचं शेवाळ दाखवत बसतात, एवढाच त्रास.

निवृत्तीनंतर साहेबांना तपासायला शाळा उरल्या नाहीत. पण आयुष्यभर तपासणी केलेल्या माणसाचा हात स्वस्थ बसत नाही. पहिले काही दिवस त्यांनी घर तपासलं. दूधवाल्याला पावती मागितली, डाळीच्या डब्यावर दिनांक घातला, आणि वहिनींच्या पोळ्यांवर 'प्रगती समाधानकारक' असा तोंडी शेरा मारला. त्या दिवशी संध्याकाळी वहिनी आमच्या घरी आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांना सकाळी घेऊन जात जा. कुठं बी न्या. वाघानं खाल्लं तरी चालतंय, पण अकराच्या आत घरी आणू नका." अशा रीतीने माझी रवानगी झाली.

तेव्हापासून साहेब जंगलाची वार्षिक तपासणी करत आहेत. ती वर्षभर चालते. एक दोनशेपानी रजिस्टर आहे, रेघा मारलेलं, आणि त्यात पाखरांची हजेरी. दर महिन्याला सही साहेबांची, प्रतिस्वाक्षरी माझी. त्यातल्या काही नोंदी मी वाचकांसाठी उतरवून आणल्या आहेत.

'नवरंग: पावसाच्या तोंडावर दक्षिणेकडून येऊन रुजू. आवाज खणखणीत. १ जूनचा जन्म असावा.'

'धनेश, मादी: प्रसूती रजेवर, ढोलीचे तोंड लिंपून आत. नर: चोचीने फळे पुरवीत आहे. बालसंगोपन रजेचा अर्ज नाही. कौतुकास पात्र.'

'पावशा: सकाळपासून पेरते व्हा, पेरते व्हा अशी सूचना देत आहे. स्वतः काही पेरत नाही. अंडी सातभाईच्या घरट्यात घालतो, म्हणजे काम खालच्या कर्मचाऱ्यांवर. अधिकारी वर्गात घ्यावा.'

या नोंदीवर प्रतिस्वाक्षरी करताना मी साहेबांकडे बघितलं. ते दुर्बिणीतून लांब कुठेतरी बघत होते.

भोरड्यांची नोंद मात्र जरा वेगळी आहे. मध्य आशियातून हे गुलाबी पाखरांचे थवे हिवाळ्यात येतात आणि पळस-सावर फुलली की झाडं डोक्यावर घेतात. साहेबांनी लिहिलंय: 'दिवाळीनंतर तांड्यावरची मुले ऊसतोडीला गेली. भोरड्या आल्या. पट कायम.' नोकरीत असताना जाणाऱ्या प्रत्येक लेकराच्या हातात शिक्षण हमी कार्ड पडावं म्हणून साहेब टेम्पो सुटायच्या वेळी पहाटे तांड्यावर जाऊन उभे राहायचे. कार्ड म्हणजे हे पोर अमुक इयत्तेत आहे, जिथे जाईल तिथल्या शाळेने बसवून घ्यावं, अशी चिठ्ठी. उसाच्या फडात शाळा कुठे असते, हे टेम्पोवाल्याने एकदा साहेबांना विचारलं होतं. साहेब परत येताना त्या दिवशी नाल्यातून आले नाहीत, सडकेने आले.

माझं या दौऱ्यातलं काम म्हणजे गप्प राहणं. हे काम मला जमत नाही. मी शिक्षक आहे. दर दहा पावलांवर साहेब ओठांवर बोट ठेवत आणि माझ्या तोंडून निघालेल्या प्रत्येक वाक्याबरोबर एखादं पाखरू उडालं म्हणून रजिस्टरात 'गैरहजर, कारण: केंद्रप्रमुख' अशी नोंद होई. पण मोहाचा हंगाम आला आणि दिवस फिरले. त्या दिवसांत पहाटे मोहाखाली फक्त माणसं नसतात, अस्वलंही असतात. अस्वलाची नजर यथातथाच, कानही फार तिखट नाहीत. खाली मुंडी घालून फुलं खाताना अचानक माणूस पुढ्यात आला की ते दचकतं आणि अंगावर येतं. गुड्यावरच्या एका आजोबांनी साहेबांना बजावलं, "सायेब, या महिन्यात गुमान फिरू नका. बोलत चला. त्याला कळू द्या." साहेब आयुष्यभर जंगलात मौन पाळलेला माणूस. मोठ्याने काय बोलावं तेच त्यांना सुचेना. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

त्या क्षणी माझ्या सेवेचं चीज झालं. पण गंमत अशी, की बोल म्हटल्यावर मलाही सुचेना. मग जे पाठ होतं ते सुरू केलं: महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१. अर्जित रजा, अर्धवेतनी रजा, परिवर्तित रजा, असाधारण रजा, असं खणखणीत आवाजात, परिपाठाला प्रतिज्ञा म्हणतात तसं, सागातून म्हणत निघालो. रजा हा हक्क म्हणून मागता येणार नाही, या कलमापाशी आलो आणि डावीकडच्या झुडपात खसफस झाली. काळं, केसाळ, चांगलं धिप्पाड धूड उभं राहिलं. त्याने आमच्याकडे तोंड करून दोनदा हुंगलं. माझी जीभ टाळ्याला चिकटली.

"थांबू नका," साहेब पुटपुटले. "विशेष नैमित्तिक घ्या."

मी विशेष नैमित्तिक रजा सुरू केली. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठी किती दिवस, इथपर्यंत अस्वलाने ऐकून घेतलं आणि मग ते वळून शांतपणे नाल्यात उतरलं. रजिस्टरात नोंद आहे: 'अस्वल १. हजर होते, नियम ऐकून रजेवर गेले.' तेव्हापासून मोहाच्या दिवसांत गुड्यावरच्या बाया फुलं वेचायला निघताना मला हाक मारतात. साहेबांना कुणी मारत नाही, हे मी इथे मुद्दाम नोंदवतो.

२०१९ साली एका वाघाने मात्र साहेबांना पुरतं नादावलं. पांढरकवड्याकडच्या टिपेश्वर अभयारण्यातला हा तरुण नर. गळ्यात रेडिओ कॉलर, त्यामुळे त्याचा मुक्काम उपग्रहाला कळायचा. जागेच्या शोधात तो निघाला तो आदिलाबाद, पैनगंगेचं जंगल, नांदेड, हिंगोली, वाशीम असा फिरत फिरत १३०० किलोमीटरहून जास्त चाल करून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढे लोक त्याला वॉकर म्हणू लागले. या काळात किनवटच्या प्रत्येक मोबाइलवर दर दिवशी वाघ होता; त्यातले काही मध्य प्रदेशातले होते आणि एक तर सर्कशीतला. लोक संध्याकाळी सातच्या आत घरात. साहेब मात्र हिशेब करत बसले होते. "आठ किलोमीटरच्या बाहेर तर तो पहिल्याच रात्री गेला गुरुजी. दैनिक भत्ता किती झाला असता! आणि सगळा प्रवास पायी. तोही नाल्यानाल्यानं." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. समदुःखी भेटल्यावर येतं तसलं. मी म्हणालो, पण साहेब, किनवटच्या जंगलातून गेला की तो, राहिला कुठे इथे? साहेबांचा चेहरा पडला. थोड्या वेळाने म्हणाले, "तीन वर्षं भरायच्या आधीच बदली घेतली त्यानं. राजुऱ्यासारखी."

आपल्याकडे मारुती चितमपल्लींचं नाव निघाल्याशिवाय जंगलाचं बोलणं पुरं होत नाही. साहेबांकडे निघालं की ते आदराने हात जोडतात आणि जोडलेले हात न सोडता तक्रार करतात: "ते वनखात्यात होते हो. त्यांना जंगलात जायचा पगार होता. मला शाळेत जायचा होता. वाट एकच!" वहिनींचं मत असं की वाट एक असो नाहीतर दहा, येताना पिशवी भरलेली पाहिजे. पावसाळ्यात त्या दारातच विचारतात, "पाखरं ऱ्हाऊ द्या, कर्टुले किती?" पाव किलोच्या खाली कर्टुली असली तर दौरा निष्फळ ठरतो आणि चहा अर्धा कप मिळतो.

गेल्या बुद्धपौर्णिमेला साहेबांच्या मनात फार दिवस असलेली गोष्ट झाली. त्या रात्री लख्ख चांदणं असतं, म्हणून वनखातं पाणवठ्यांजवळ मचाणं बांधून जनावरं मोजतं आणि हौशी लोकांनाही बसू देतं. अर्जात 'पद' असा रकाना होता. साहेबांनी लिहिलं: विस्तार अधिकारी (शिक्षण), निवृत्त, अवघड क्षेत्र. माझ्या अर्जातही त्यांनीच लिहिलं: सहायक. पैनगंगा अभयारण्यातल्या एका पाणवठ्यावर आम्हाला मचाण मिळालं. वहिनींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि माझ्यासाठी एक सूचना बांधून दिली होती: "रजेचे नियम आज म्हणू नका. आज त्यांना यायला पाहिजे."

मी रात्रभर गप्प बसलो. रोही आले, रानडुकरं आली, एक सायाळ काटे वाजवत येऊन गेली. साहेबांनी छापील तक्ता बाजूला ठेवला आणि स्वतःच्या रजिस्टरात वेळ, संख्या, लिंग, वर्तन, शेरा अशा रेघा मारल्या. रानडुकरांच्या कळपाला त्यांनी 'शिस्त नाही, रांग नाही, पिल्ले मात्र चपळ' असा शेरा दिला. मध्यरात्रीनंतर मोर ओरडला तेव्हा 'वेळेचे भान नाही'. पहाटे चारला कोरडा पडत चाललेला पाणवठा बघून त्यालाही एक शेरा मारला: 'भौतिक सुविधा अपुऱ्या. पंधरा दिवसांत पूर्तता करावी.' आणि तिथेच सही केली.

सकाळी वनरक्षक तक्ते गोळा करायला आला. तरुण पोरगा, इथल्याच एका गुड्यावरचा. साहेबांना बघताच वाकून पाया पडला. "सर, ओळखलं का? तुम्ही आमच्या शाळेत तपासणीला याचे." साहेब खुलले. त्यांनी अभिमानाने रजिस्टर पुढे केलं. पोराने बोट ठेवत ठेवत ओळी वाचल्या, ओठ हलवत काहीतरी मोजलं आणि संकोचून म्हणाला, "सर, रानडुकराची बेरीज चुकायली. हे बारा अन् हे नऊ एकवीस झाले. तुम्ही एकोणीस लिवले."

साहेबांनी चष्मा लावून पाहिलं. एकवीसच होत होते. मला वाटलं आता खुलासा मागणार. पण साहेबांचा चेहरा असा काही उजळला की विचारू नका. त्यांनी पोराच्या पाठीवर हात ठेवला.

"वा! बेरीज पक्की आहे तुझी. कुणी शिकवलं?"

"गुरुजींनी, सर," पोरगा म्हणाला. "तुम्ही आले की निस्ते झाडं बघायचे."